मी टाकी बघायला गेले होते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं की मी गोष्ट सोडून भांडी आवरायला उठते, माझी सवय माहीत आहे तुम्हाला. शिवाय आमच्या ह्यांच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. नुसती पाण्याची टाकी बघायला गेलेली बाई एका आख्ख्या गावाला सुपारी फोडायला बसवून येते, हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं असतं का, तुम्हीच सांगा.

झालं असं, की कवठे महांकाळच्या पुढं ह्यांच्या पलटणीतल्या मित्राकडं वास्तुशांत होती. जेवण करून आम्ही परत कोरेगावला निघालो. हे गाडी चालवत होते आणि मी खिडकीतून बघत होते. मला बघायचा भारी नाद. एखादी रंगीत कमान, एखादं उलटं वाढलेलं झाड, काहीही दिसलं तरी मला उतरून विचारायचं असतं. ह्यांना तो नाद नाही. उभी हयात फौजेत गेली, सगळा देश पालथा घातला, आणि काय काय बघितलंत असं विचारलं तर म्हणतात, "ड्यूटी."

तर ज्वारीच्या रानापलीकडं मला विमान दिसलं.

"थांबवा गाडी."

"काय झालं?"

"विमान."

"मग? असतात वर विमानं."

"अहो, हे घराच्या माळवदावर आहे."

ह्यांनी मान वळवली. खरंच होतं. पांढरं-निळं, पंख पसरलेलं, शेपटीवर तिरंगा. त्याच्या पलीकडच्या घरावर बैल होता आणि आणखी पुढं एका घरावर एवढा थोरला प्रेशर कुकर.

"टाक्या आहेत त्या," हे म्हणाले. "सिमेंटच्या. आत पाणी असतं."

पाणी असतं हे मलाही कळतं हो. पण विमानात पाणी भरतात कुठून आणि येतं कुठून? नाकातून की शेपटीतून? आता हे विचारल्याशिवाय मी कोरेगावपर्यंत गप्प बसले असते का? हे मला ओळखून आहेत. त्यांनी गाडी आत घातली.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून जीव लावून आहेत, उगाच त्यांचं हसं नको. त्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनंचांदी आटवायच्या कामाला लांब लांब परराज्यांत जातात. चार पैसे आले की गावात घर बांधतात आणि घरावर हौसेची टाकी.

स्टँडवर चारपाच माणसं बसली होती. एकानं विचारलं, "कुनाकडं जायाचं, पाव्हणं?"

"विमानवाल्यांकडं," मी म्हटलं. "रस्त्यावरून बघितलं, मनात भरलं, म्हटलं आत येऊन नीट बघावं."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "या माझ्या मागनं." आणि चालता चालता त्यानं कुणाला तरी फोन लावला. मला वाटलं, काय अगत्य आहे लोकांना.

विमानाच्या घरी मालनताई दारातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, पदर डोक्यावर, हात नुकते पुसलेले. आत नेलं, पाणी दिलं, चहा टाकला. कशाला आलात, कोण तुम्ही, एका शब्दानं विचारलं नाही. मलाही त्यात काही खटकलं नाही. आता तुम्ही म्हणाल, खटकायला हवं होतं. हवंच होतं. आपल्याकडं अनोळखी माणसाला दारातच 'कुठून आला, कुणाचे तुम्ही' विचारल्याशिवाय कुणी सोडतं का? न विचारता फक्त एकाच कामाला आलेल्या माणसाला आत घेतात. मुलाची चौकशी करायला आलेल्याला. त्याला काम विचारायचं नसतं. चहा द्यायचा, घर दाखवायचं आणि विषय त्यानं काढायची वाट बघायची. ही रीत मला पाठ आहे, नात्यातल्या मुलींसाठी मी स्वतः अशी दहा घरं फिरलेली आहे. पण त्या वेळी माझं डोकं सगळं विमानात अडकलेलं.

"एवढी मोठी टाकी लागते का हो तुम्हाला? घरात माणसं किती?" मी विचारलं.

"थोडकी. मी, मालक आन् विकास. दोगी नणंदा त्यांच्या घरी सुखात हाईत. कामाचा काय तरास न्हाई बगा घरात."

"आणि पाणी वर कोण चढवतं?"

"आवं, मोटार हाय. बटन दाबलं की झालं. डोक्यावरनं पाणी आनायचं दिस गेलं. जी बाई या घरात येईल तिला हंडा उचलाय लागनार न्हाई."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईची एवढी काळजी कोण करतं?

बाहेर ओसरीवर ह्यांना पुरुषांनी घेरलं होतं. मूळ गाव कोणतं, आजोळ कुठलं, मेहुणे कोण, व्याही कोण. हे ताठ बसून हजेरी दिल्यासारखी पाव्हण्यांची नावं सांगत होते. एवढ्यात मालनताईंचा मुलगा विकास आला. चौतीस-पस्तिशीचा, शांत चेहऱ्याचा. डाळिंबाच्या बागेतून आलेला माणूस, पण भर दुपारी आंघोळ केलेला, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला म्हणाला, "या मावशी, वर दावतो."

जिन्यानं वर गेलो. आता ऐका, कारण हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. पाणी नाकातून भरतात आणि शेपटीतून खाली येतं. पायलटची जागा म्हणजे झाकण आहे. ते उचलायचं, आत उतरायचं आणि टाकी घासायची. विकासचे वडील तिकडं लांब दक्षिणेत गलाईला होते, तेव्हा दुकानावरून रोज विमान जायचं. बसायचं बसायचं म्हणता राहून गेलं, म्हणून गावी आल्यावर गवंड्याकडून हे करून घेतलं. खिडक्यांत पेंटरनं घरातल्यांची तोंडं काढलेली. वडील, मालनताई, त्यांच्या मागं विकास. विकासच्या शेजारची खिडकी कोरी.

"इथं रंग संपला का?" मी विचारलं.

विकास लाजला. खालून मालनताई म्हणाल्या, "न्हाई ताई, ती जागा राकून ठिवलीया."

मी म्हटलं, छान केलंत, पुढं कधी लागतेच एखादी जागा. आणि विकासला त्या खिडकीशेजारी उभा करून फोटो काढला. दोन काढले. एक बाजूनं.

तेवढ्यात बैलवाल्या घरची बाई बोलवायला आली. मग कुकरवाली. मग कुणी फुटबॉलवाले. मी कशाला नाही म्हणते? प्रत्येक माळवदावर टाकीच्या शेजारी एकेक बाप्या भांग पाडून, तोंडाला पावडर लावून उभा, आणि मी विचारलं की शहाण्यासारखी माहिती द्यायचा. मी ह्यांना हळूच म्हटलं, "बघा, पर्यटन म्हणतात ते हे. दर ठिकाणी माहिती सांगायला माणूस नेमलाय."

हे म्हणाले, "सगळे तिशीच्या पुढचेच नेमलेत."

त्यांना तेव्हाच शंका आली होती. मग सांगितलं का नाही? नंतर विचारलं तर म्हणे, "तू चौकशी करत होतीस, मला वाटलं तुला कुणी काम सांगितलंय." बघा, असा माणूस माझ्या पदरात.

निघताना मालनताईंनी माझी ओटी भरली. नारळ, खण, हळदकुंकू. ओटी तर आपण कुणाचीही भरतो, त्यात काय एवढं. मी म्हटलं, "मालनताई, घर आवडलं, विमान आवडलं. रविवारी सगळ्यांना घेऊन येते." म्हणजे माझ्या भिशीच्या बायकांना हो. दर वर्षी आम्ही सहल काढतो आणि दर वर्षी कुठं जायचं यावरून भांडतो. मालनताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या टाकीचं एवढं कौतुक बघून बाई गहिवरली, असं मला वाटलं.

नंबर देऊन आलेच होते, आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, किती मानसं येनार?"

"बस भरून येतोय. एकीलाही मागं ठेवणार नाही."

"या, या. बिनघोर या," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "बस भरून येनार हाईत म्हनं."

रविवारी आम्ही पोचलो, वाट दाखवायला हेही बरोबर, तर वेशीवर हलगी. भिशीच्या बायका खूश. आमची नलू म्हणाली, "अगं, काय स्वागत आहे, आपण मंत्री झालो की." विमानाच्या घरापुढं मांडव होता. मांडवात एका अंगाला फेटे बांधलेली थोरली माणसं, समोर ताटात सुपाऱ्या, हळदकुंकू आणि एक हिरवी साडी. आणि माळवदावर पेंटर. शिडी लावून, डबे उघडून, ब्रश हातात घेऊन आमच्या बसच्या दाराकडं टक लावून बसलेला.

एकेक बाई उतरायला लागली. फेटेवाले माना उंच करून बघत होते. पहिली उतरली ती गुडघ्याला पट्टा लावलेली. दुसरी चार नातवंडांची आजी. असं करत करत बस रिकामी झाली. दोघं जण आत चढून सीटांखाली वाकून बघून आले. शेवटी काळा गॉगल लावलेली, केसांना मेंदी लावलेली नलू उतरली, आणि एक म्हातारे आजोबा शेजारच्याला म्हणाले, "हीच आसंल तर वाईच थोराड हाय. पर आता आपन तरी किती बगायचं?"

नलू त्या वाक्यावर अजून जगतेय. पण माझ्या पायाखालची जमीन तिथंच सरकली. सुपाऱ्या, साडी, पेंटर, कोरी खिडकी, न विचारता दिलेला चहा. सगळं एकदम डोक्यात शिरलं. सगळं गाव नटून बसलेलं, आणि माझ्याकडं द्यायला काय? भिशीच्या बायका.

ह्यांच्याकडं बघितलं तर हे बसच्या टायरमधली हवा तपासत होते.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. मालनताई नवी साडी नेसून पुरणपोळ्यांच्या राशीपुढं उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मालनताई, माझ्याकडं मुलगी नाही. कुणाचीच नाही. मी टाकी बघायला आले होते."

"टाकी?"

"टाकी. पाणी नाकातून जातं का शेपटीतून, एवढंच बघायचं होतं मला."

त्या खाली बसल्या. मीही बसले. मग म्हणाल्या, "लय जन आलं बगा, ताई. समदी पोहं खात्यात, इमान लय झ्याक हाय म्हनत्यात आन् जात्यात. पोरगी देतो कुनी म्हनत न्हाई. पोरगं वाईट न्हाई वो माजं. तुमी म्हनला येते आन् खरंच परत आला. असं परत आलेल्या तुमी पयल्याच."

मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू, त्यांच्यापेक्षा मीच जास्त रडले. इतकी, की त्यांनीच मला पाणी दिलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चूक आमची बी हाय. इचाराय पायजे हुतं. पर तुमच्या वळखीत एकादी आसंल की?"

"असती तर माझ्याच घरात आणली नसती का?" मी म्हटलं. "माझाही एकुलता एक आहे. पुण्यात कंपनीत. तेहतीस संपली. तीन वर्षं झाली, मीही नुसती घरं फिरतेय."

मालनताईंनी माझ्याकडं नीट बघितलं. आत्तापर्यंत मी त्यांच्या लेखी मुलीकडची बाई होते. आता त्यांच्यातलीच एक झाले. त्यांनी पदरानं डोळे पुसले, मांडी बदलली आणि चौकशीला बसलेल्या बाईसारखं एकेक विचारायला लागल्या.

"नोकरी कायमची हाय?"

"कायमची."

"रान किती?"

"थोडं आहे. ऊस असतो."

"घर?"

"स्वतःचं. दुमजली."

"आन् घराव काय हाय?"

"घरावर काय असणार? टाकी. प्लॅस्टिकची, काळी."

मालनताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज अगदी माहेरच्या माणसाचा.

"आवं ताई, हितं आमचं इमान ठिवून जमंना. आन् तुमी काळी टाकी ठिवून सून यायची वाट बगताय व्हय?"

मग बाहेर येऊन त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. फेटेवाले इतके हसले, की हलगीवाल्याला वाटलं जमलं, आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली. पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. पेंटर तेवढा रुसून उतरला. विकासनं माझ्या बायकांना विमान दाखवलं, आणि त्या सगळ्याजणींनी आपापल्या नात्यात विकाससाठी बघायचा शब्द दिला. मी पण दिला. मालनताईंनी मला त्यांच्या गवंड्याचा नंबर दिला.

परवाच तो येऊन आमच्या गच्चीचं माप घेऊन गेला. ह्यांचा हट्ट आहे, फौजी माणसाच्या घरावर रणगाडाच पाहिजे. मी तीन दिवस ह्यांच्याशी बोललेले नाही. रणगाडा बघून मुलगी कोण देईल हो?