पुडीतली निळी गोळी

औषधांविषयी सर्वांत जास्त बोलणारा आणि सर्वांत कमी जाणणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. तीस वर्षं ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनात घोषणा देऊन दोन्ही बाजूंचे घसे बसले, तेव्हा मराठीवाले आणि कोकणीवाले या दोघांनाही त्यांनी एकाच बाटलीतलं लाल मिक्श्चर दिलं. त्यांच्या कारकिर्दीतला हा एकमेव निःपक्षपाती व्यवहार. पाकिटातल्या गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता. कोणतीही गोळी आधी खलबत्त्यात कुटायची, पूड कागदाच्या पुडीत बांधायची आणि मगच घ्यायची. पुडीवर नाव लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटे. "नाव लिवचा तो दुकानदार," असं ते म्हणत. "कंपाउंडर हाताक लागल्याबरोबर वळखता."

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी मामांनी पुरुषत्वाची ती निळी गोळी सुरू केली. पेडण्यात सगळे ओळखतात म्हणून ते दोन बस बदलून डिचोलीला जात आणि फार्मसीत "शेजाऱ्याक व्हयी" म्हणून सांगत. तिसऱ्या खेपेला फार्मसीवाल्याने शांतपणे विचारलं, "शेजारी बरो आसा मू?" मामांनी हे मला स्वतः सांगितलं, तेही त्या माणसाचा भोचकपणा दाखवण्यासाठी. मी वर्तमानपत्रात आरोग्याचं पान सांभाळत असल्यामुळे मला ते हाताखालचा माणूस समजत.

गोळीने अंगात आपोआप जोर भरतो, अशी त्यांची समजूत होती. मी सांगितलं, की ती इच्छा निर्माण करत नाही; इच्छा असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या सैल करून रक्त येऊ देते, एवढंच. तेलातुपाचं जेवण झालं असेल तर उशिरा लागू पडते. डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, कधी नजरेला निळसर दिसतं. छातीत दुखताना जिभेखाली देतात त्या गोळीशी तर तिचा संबंधही येता कामा नये. रक्तदाब एकदम कोसळून माणूस दगावू शकतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू पेपरात लिवतस. मी तीस वर्सां पुडये बांदल्यात."

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी भरपूर खोबऱ्याची कोंबडीची शागोती पोटभर खाल्ली, वर पुडी घेतली आणि खुर्चीत बसून परिणामाची वाट बघितली. तासभर काहीच घडलं नाही. माल बनावट आहे असा निष्कर्ष काढून त्यांनी दुसरी पुडी घेतली. संध्याकाळी ते घरापुढच्या सोप्यावर लालबुंद चेहऱ्याने, नाक ओढत, कपाळाला बाम चोळत उभे होते आणि दोरीवरच्या स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघून मामींवर ओरडत होते, "नीळ किती घातलंस गो? सदरो काय आकाश?" सदरा पांढराशुभ्र होता. मामींनी तो काढला आणि पुन्हा धुतला.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी मामांच्या छातीत कळ आली. मी तिथेच होतो. गाडी करून त्यांना इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "लैंगिक शक्तीची कुठली गोळी घेतली होती का?" खोलीत मामी उभ्या होत्या. ज्या माणसाने सलूनपासून देवळापर्यंत सगळ्यांना औषधांवर व्याख्यानं दिली, तो घामाने भिजलेला माणूस म्हणाला, "छ्या. विटामिनाची पुडी."

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मामी बोलल्या. "आज सकाळी घेतल्यानी, बाय. निळी गोळी. खलबत्तो मीच धुतंय."

बाईंनी हातातली गोळी बाजूला ठेवली आणि दुसरे उपचार सुरू केले. त्या एका वाक्यावर मामा जगले, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर मला स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी मामांना थोडं बरं वाटलं. भिंतीकडे तोंड करून ते पुटपुटले, "तुज्याचसाठी घेय होतंय गो."

"माका कोणी इचारल्यान?" मामी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं असावं.

घरी आल्यावर मामांनी पुड्या बांधणं सोडलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पाकिटावरचं नाव वाचून घेऊ लागले. लोक सल्ला विचारायला आले तर "डॉक्टराक दाखव" म्हणत, आणि लोक हिरमुसून परत जात. खरं सांगायचं तर मलाही त्यांची ती बेताल व्याख्यानं आठवत. मी शेवटचा गेलो तेव्हा मामी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मामा काठी टेकत बाहेर आले, मामींच्या समोर येऊन उभे राहिले, आणि घसा साफ करून म्हणाले, "तुका काय व्हया?"

मामींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मागे वळून बघितलं, आपल्याशिवाय तिथे दुसरं कोणी बसलंय का ते.