चूक शिकवणाऱ्याची

नाना गेले हे सांगायला प्रकाशचा फोन आला, तेव्हा मी नानांवरच चिडलेली होते. आदल्या आठवड्यात त्यांनी मला काशीतल्या रामघाटावरच्या त्यांच्या खोलीवर बोलावून घेतलं होतं. चहा यायच्या आधीच समोर बसलेल्या तिशीतल्या एका बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "वसू, ही किरण. रामनगरहून येते. दहावीचं गणित राहिलंय हिचं. मला आता बोलताना धाप लागते, तू शिकव हिला." मी म्हटलं, "नाना, मला ऑफिसातून फुरसत कुठे भेटते? आणि मी काय टीचर आहे का?" त्यावर ते नुसते हसले. ते हसणं आठवडाभर माझ्या डोक्यात बसलं होतं. ठणकावून नाही कसं म्हणायचं याची वाक्यं जुळवत मी फिरत होते... आणि प्रकाश म्हणाला, "वसू, मास्साब गेले गं." नाही म्हणायला आता समोर माणूसच उरला नव्हता.

नाना इंटर कॉलेजात गणित शिकवायचे. साऱ्या मोहल्ल्याचे ते मास्साब आणि आम्हा मराठी घरांतल्या पोरांचे नाना. संध्याकाळी त्यांच्याकडे जो येईल तो बसायचा. भटजींची मुलं, होड्या चालवणाऱ्या मल्लाहांची मुलं, बदलीवर आलेल्या रेल्वेबाबूंची मुलं, सगळी एका सतरंजीवर. त्यांची शिकवण्याची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. ज्याला कळलं त्यानं शेजारच्याला समजावून द्यायचं, आणि शेजाऱ्याचं गणित चुकलं की बोलणी समजावणाऱ्यानं खायची. "याला आलं नाही म्हणजे तू नीट सांगितलं नाहीस. तू नीट सांगितलं नाहीस म्हणजे मी तुला नीट सांगितलं नव्हतं." असं म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरोघरी या पद्धतीचं फार कौतुक होतं. मला मात्र त्या सतरंजीवर बसायची धडकी भरायची, कारण माझ्या शेजारी प्रकाश असायचा. प्रकाश सोन्यासारखा मुलगा, पण त्रैराशिक त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. तो आरामात पतंग उडवायचा आणि मी गच्चीच्या कठड्याशी उभी राहून त्याला प्रश्न विचारायची!

मोठेपणी आम्ही सगळेच असे निघालो. आमच्यातला एक डॉक्टर झाला, तो पेशंटला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतो आणि मग पेशंटकडूनच वदवून घेतो. त्याच्या दवाखान्यातली रांग म्हणून हलतच नाही. माझ्या घरी कामवालीनं भाजीत मीठ जास्त घातलं तर मी तिला बोलत नाही, आपण सांगताना काय चुकलो याचा विचार करत बसते. नवरा म्हणतो, तुम्ही नानांची माणसं म्हणजे एक आजारच आहात. खोटं नाही. घरच्यांनी बी.एड.चा धोशा लावला तेव्हा मी मुद्दाम रेल्वेच्या कचेरीतली नोकरी धरली ती यासाठीच. तिथे फाइल चुकली तर फाइलच चुकते. वर्गभर पोरांच्या चुका डोक्यावर घेऊन झोपायचं माझ्यानं झालं नसतं.

बाराव्याला आम्ही सगळे जमलो. विधी सांगायला प्रकाशच होता. आता दशाश्वमेध घाटावर त्याची भिक्षुकी बरी चालते. पण त्या दिवशी नानांच्या वडिलांच्या जागी त्यानं आजोबांचं नाव घेतलं. तो थबकला. मागे बसलेला डॉक्टर हळूच म्हणाला, "याला कोणी शिकवलं होतं रे?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आम्ही हसलो. पिंडांसमोर बसून, डोळे पुसत, अगदी पोट धरून हसलो. नानांच्या सूनबाईंनी असं पाहिलं की विचारू नका. प्रकाशनं नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली.

बाहेर किरण उभी होती. नवरा कामाला सुरतेला, तिकडून फोन येतो तोही कधीमधी, घरी सासू. दहावी झाली तर अंगणवाडीत लागायची आशा होती, आणि गणितात ती आधीच नापास झालेली. वयाची अट जवळ येत होती, म्हणजे यंदा नाही तर नाहीच. ती मला म्हणाली, "दीदी, मास्साब बोले थे आप आएँगी." मी कधी येणार म्हटलं होतं? पण तिला हे सांगायला माझी जीभ रेटेना.

मग ती ऑफिस सुटल्यावर माझ्याकडे येऊ लागली. पहिल्याच दिवशी आमचं अर्ध्यानं भागण्यावर अडलं. मी म्हटलं, अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. तिनं विचारलं, "क्यों?" मी म्हटलं, असंच असतं. तिनं मान डोलावली आणि पुढचं गणित चुकवलं. ती चुकली आणि माझं जुनं दुखणं परतलं. रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी ऑफिसात समोरच्या कागदावर मी उगाच अर्धी वर्तुळं काढत बसले. वरिष्ठांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? नानांचा भयंकर राग आला. जाता जाता हे माझ्या गळ्यात कशाला बांधलंत? आणि त्याच वेळी ते असते तर धावत जाऊन विचारलं असतं, नाना, हिला कसं सांगू... संध्याकाळी मी पोळ्यांचा डबा पुढे ठेवला. "छह रोटी हैं. सबको आधी-आधी दो, कितने लोग खाएँगे?" तिनं बोटंही मोजली नाहीत. "बारह! अरे दीदी, तो सीधे यही बोलतीं ना!" त्या रात्री मी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी व्याजावर अडलं आणि पुन्हा तेच.

गणिताच्या पेपरच्या दिवशी मी रजा टाकून केंद्राच्या फाटकाबाहेर उभी राहिले. मुलांना घ्यायला आलेल्या आयांच्या गर्दीत माझ्याइतकी कासावीस कुणी नसेल. किरण बाहेर आली. चेहरा उतरलेला. मी गर्दीतून पुढे घुसले.

"पर्चा?"

"ठीक गया दीदी. एक सवाल छूटा, बाकी सब किया."

"मग अशी काय दिसतेस?"

तिनं प्रश्नपत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, तिच्या गल्लीत एक चाची आहेत, त्याही यंदा नववीला बसताहेत, आणि ही त्यांना शिकवायला लागली आहे. "रोज समझाते हैं, उनको नहीं आ रहा. हमसे खाना नहीं खाया जाता. परीक्षा में बैठे थे, तब भी चाची का ही सोच रहे थे... दीदी, ये कब जाता है?"

तिला धीर द्यायला काहीतरी बरं बोलता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघून माझ्यानं खोटं बोलवेना.

"नहीं जाता," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी रामनगरच्या ऑटोची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. ऑटो येऊन भरून जात होते, आणि चाचींना उद्या कुठून सुरुवात करून सांगायचं याचं आमचं बोलणं काही संपत नव्हतं.