बोडक्या राजाचा रुपया

निपाणीत तंबाखू पारखणारे रगड होते, पण रुपया पारखणारे एकटे रायाप्पा, असं रायाप्पाच सांगायचे. ते माझे चुलते. त्यांच्या उंबऱ्याशेजारी एक काळा दगड पुरलेला होता. लोक शंकेचा रुपया घेऊन यायचे, चुलते डोळे मिटून तो दगडावर आपटायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि निकाल द्यायचे. टांकसाळीनं रुपया पाडला तरी तो खरा ठरायचा आमच्या उंबऱ्यावर, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

राणीछाप रुपयावर त्यांचा फार जीव. राणीच्या डोक्यावर मुकुट होता. राणी गेली, मुलगा गादीवर आला आणि त्याच्या रुपयावर त्याचं डोकं उघडंच आलं. आमच्याकडे बोडक्यानं कुणी दारात आलं की मयताचा सांगावा आला असं समजतात. चुलत्यांनी जाहीर करून टाकलं, की बोडक्या राजाचा रुपया बाजारात चालवा, पण शुभकार्यात नको. खुद्द त्यांच्या पटक्याखाली औषधालाही केस नव्हता.

पुढं तोही राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. त्याच सुमाराला चुलत्यांच्या पद्मावतीचं लग्न ठरलं. चिकोडीकडचं नेमगोंडांचं घर, आमच्यासारखंच जैन, शेतीभाती असलेलं. त्यांच्या मुलाला पद्मावतीनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेच्या दिवशी पाहिलं होतं. तो तिला आवडला होता. घरातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं, फक्त चुलत्यांना नव्हतं.

साखरपुड्याला मुलीच्या ओटीत नारळ आणि रुपया घालायची रीत. मुलाच्या आईनं रुपया घातला आणि चुलत्यांनी भर पंगतीसमोर लेकीच्या ओटीत हात घालून तो बाहेर काढला.

"पावणं, ह्यो राजा बोडका हाय. ह्यो चालायचा न्हाय."

नेमगोंडा शांत माणूस. "राजानं टोपी घातली न्हाय, त्याला आमी काय करावं, आण्णा? दुसरा देतो," म्हणत त्यांनी कनवटीचा कोरा रुपया काढला. नव्या राजाचा. डोक्यावर मुकुट, अंगावर झगा, गळ्यात हार. आता तरी भागेल असं आम्हाला वाटलं. चुलत्यांनी रुपया डोळ्यांना लावला. झग्यावर एक बारीकसा हत्ती होता.

"ह्ये डुक्कर हाय," चुलते म्हणाले.

"हत्ती हाय त्यो."

"मग सोंड दावा."

दोघे व्याही उन्हात उभे राहून राजाच्या झग्यावर सोंड शोधायला लागले. सोंड खरंच आखूड होती. ओटीचा पदर धरून पद्मावती पाटावर तशीच बसून राहिली. शेवटी नेमगोंडांनी नारळ उचलला.

"आण्णा, तुमाला सोयरीक नको, रुपया पायजे," एवढं बोलून ते बैलगाडीत बसले.

दुसऱ्या साली सरकारनं नव्या रुपयावर हत्तीची सोंड लांबवली. चुलत्यांना आभाळ ठेंगणं झालं. "सरकारला माजं ऐकावं लागलं," हे ते अख्ख्या निपाणीला सांगत सुटले. त्याच वर्षी पद्मावतीला एका प्रौढ बिजवराला दिलं. तिच्या ओटीत राणीछाप रुपया पडला, मुकुटासकट, आवाजाला खणखणीत. मला त्या दिवशी चुलत्यांचा राग आला होता, तो अजून आहे.

बिजवर गेला आणि पद्मावती लेकीला, चंदनाला घेऊन माहेरी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुपयातली चांदी अर्ध्यावर आली, मग पार गेली आणि निकेल आलं. चुलते दगडावर रुपया आपटायचे आणि आवाज बद्द झाला म्हणून सरकारला शिव्या द्यायचे. त्यांचे कानही गेले होते, पण ते त्यांना सांगणार कोण?

सत्तेचाळीस साली चंदनाचा साखरपुडा झाला. विधवा म्हणून पद्मावती माजघराच्या दाराआड उभी होती. मुलाकडच्यांनी रुपया पुढं केला आणि चुलत्यांचा हात आलाच. एका बाजूला मुकुटातला राजा होता, दुसऱ्या बाजूला वाघ.

"आदी डुक्कर, आता वाघ," म्हणत त्यांनी रुपया दगडावर आपटला आणि मान तिरकी केली. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. निकाल द्यायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात पद्मावती दाराबाहेर आली. तिनं त्यांच्या बोटांतून रुपया काढून घेतला.

"आप्पा, ह्यो खोटा न्हाय. त्या येळचाबी खोटा न्हवता. तुमी रुपया पारखत बसला आनि माजा जलम गेला."

ती हळूच बोलली होती. सोप्यात बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"काय म्हंतीस गं?" चुलत्यांनी कानामागं हात धरला.

पद्मावतीनं रुपया मुलाच्या आईच्या हातात दिला, चंदनाच्या ओटीत तो पडेपर्यंत तिथंच थांबली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "खरा हाय म्हंते."

"मग घाला," चुलते म्हणाले आणि निकाल आपणच दिल्यासारखी त्यांनी मान हलवली.