बंड्याचे सत्तर गुण

आप्पा रेवाळे मुळातच कमी बोलणारे. देवरूखजवळच्या त्यांच्या गावात कलम बांधायला कितीतरी जण त्यांच्याकडे शिकले, ते सगळे नुसते बघूनच. त्यामुळे आप्पा कुत्र्याला शिकवणार म्हटल्यावर गाव हसलं.

कुत्रा खरं तर मुलाचा, गुरुप्रसादचा. त्याने मुंबईत हौसेने लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं आणि जागा पुरेना तेव्हा गावी आणून सोडलं. आप्पांनी आठ दिवसांत ब्रुनोचा बंड्या केला. पुढची दोन वर्षं दोघं बागेत बरोबरच जात. मग एका सकाळी बंड्याने शेजारच्या गंगुबाईंवर प्रेमाने झेप घेतली आणि त्यांचं मनगट मोडलं.

"तो तुम्हाला आवरणार नाही आप्पा," गुरुप्रसाद फोनवर म्हणाला. "पनवेलला मित्राचं फार्महाउस आहे, तिकडे पाठवू."

"वळण लावतो."

"जानेवारीत रत्नागिरीला कुत्र्यांची स्पर्धा आहे, आज्ञापालनाची. शंभरात सत्तर पडले तर राहू दे."

त्याने आपलं बोलायचं म्हणून म्हटलं. आप्पांनी ते धरून ठेवलं.

धाकट्या सुनेने, शमिकाने, फोनवर नियम शोधले. मैदानात दहा पाट्या असतात. बसवा, उजवीकडे वळा, कुत्र्याभोवती फिरा, अशी एकेकीवर एक सूचना. माणसाने वाचायची, कुत्र्याने डाव्या पायाशी राहून पाळायची. तोंडाने बोललेलं चालतं. खाऊ दाखवायचा नाही, हातात पट्ट्याशिवाय काही नाही. तिने पुठ्ठ्यावर पाट्या लिहून दिल्या. रोज बागेत जाताना आप्पा त्या सड्यावर, उघड्या कातळावर, चिऱ्यांना टेकवून ठेवत आणि अर्धा तास फिरत. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत अडकवलेला कोयता. पाऊल पडलं की तो लाकडावर वाजे, खट्. तीन महिन्यांत बंड्या सावलीसारखा चालू लागला.

गंगुबाई हात गळ्यात अडकवून कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसलेल्या असत. "माझा हात मोडून बक्षिसाला निघालास काय रे बंड्या?"

"तुझ्यावर परत उडी मारू नये म्हणूनच चाललंय," आप्पा म्हणत.

"मग परीक्षेला मला पण न्या. हात माझा गेलाय."

तर जानेवारीत रत्नागिरीला त्याही गेल्या. शमिकाने आप्पांची पँट इस्त्री केली होती. आकडी घरी खुंटीला राहिली. कोयता लावून मैदानात कोण सोडणार?

मैदानात आप्पा निघाले आणि बंड्या पावलागणिक अडू लागला. पहिली पाटी हुकली, दुसरीही हुकली. "चल रे," आप्पा म्हणाले. तो तीन पावलं आला, थांबला, मागे जाऊन त्यांच्या कमरेशी हुंगू लागला. घाबरला असेल, आप्पांना वाटलं. दोरीपलीकडे शमिकाने ओठ दाबून धरले होते. बाहेरून काही सांगायला बंदी होती.

बंड्याचं नाक हलेना. त्याला बाजूला करायला आप्पांचा हात मागे गेला, तो सवयीने कोयत्याच्या जागी. तिथे काही नव्हतं.

आप्पा क्षणभर थांबले. मग त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. खट्.

बंड्या डाव्या पायाशी आला.

पाऊल टाकलं, खट्. दुसरं टाकलं, खट्. दोरीपलीकडची मंडळी हसू लागली, कुणी फोन काढला. चारचौघांत खोकायलाही लाजणारा माणूस. कान तापले, पण जीभ थांबली नाही. उरलेल्या आठ पाट्या दोघांनी अशाच केल्या.

"बोलणं चालतं, आजोबा," परीक्षक म्हणाले. "पण हे काय होतं?"

"कोयता," आप्पा म्हणाले.

बाहत्तर पडले. बाहेर येताच बंड्याला गंगुबाई दिसल्या आणि तो उसळला. आप्पांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला.

"गुण मिळाले," गंगुबाई शमिकाच्या मागे सरत म्हणाल्या. "अक्कल कधी मिळणार?"

आप्पांनी तिथूनच फोन लावला. "बाहत्तर. तू सत्तर म्हणालेलास."

"बरं आप्पा," गुरुप्रसाद म्हणाला. "राहू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी आप्पांची जीभ इतकी दुखत होती की चहा निववून प्यावा लागला. तो संपेपर्यंत बंड्या खुंटीवरच्या आकडीखाली बसून होता.