शेवंतीकाकीचा सोमवार

शेवंतीकाकीच्या कनवटीला कायम गुळाचा खडा असे. मालवणच्या बाजारात मासे विकताना मध्येच ती तो तोंडात टाकायची. गिऱ्हाईक बघत राहिलं तर म्हणायची, “बघतंस काय? तुज्या पापलेटाक लावूचो नाय, माजो आसा.”

सोमवारी मात्र कडकडीत उपास. चहासुद्धा नाही, गूळ तर नाहीच. दुपारी तिला घाम फुटायचा, डोळे फिरायचे, ती भलतंच बोलू लागायची. देवीचं वारं आलं म्हणून बायका तिच्या पडवीत प्रश्न घेऊन बसायच्या. संध्याकाळी गोड चहाने उपास सुटला की वारंही जायचं. मी शेजारची, कुडाळच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. कुंपणाआडून हे सगळं बघायचे, आणि गोड चहा पोटात गेला की वारं जातं, हे मला कळलं होतं. पण वर्षभर मी गप्प राहिले. मग एका सोमवारी तिला झटके आले, ती शुद्धीवर येईना. तेव्हा कुठे मी काकांना म्हटलं, “साखर उतरली असेल. दवाखान्यात चला.”

तपासण्या मुंबईपर्यंत गेल्या. स्वादुपिंडावर वाटाण्याएवढी, क्वचितच होणारी गाठ होती. तीच रक्तातली साखर खाली ओढत होती. काकी ऑपरेशनला तयार होईना. “पोट फाडल्यार टोपली कोण उचलतला?”

डॉक्टर इंग्रजीत सांगत होते. मी अडखळत सांगत, बोटाने माझ्याच पोटावर चार टिंबं दाखवली. इथून दुर्बीण, इथून हत्यारं. पोट फाडायचं नाही.

काकीचा चेहरा उजळला. “म्हणजे भरलेला पापलेट! त्येचा पोट मी खंय फाडतंय? कल्ल्याकडसून सगळा भायर काढतंय. सांग डॉक्टराक, सावकाश काढ म्हणान. पित्त फुटूक देव नको.”

मी शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर महिन्याने तिने पुन्हा सोमवार धरला. बायका जमल्या. मी गोड चहाचा पेला घेऊन कुंपणाशी येरझाऱ्या घालत होते. दुपार टळली, तरी काकी ताठ बसलेली.

“काकी, वारां कधी येतला गो? चेडवाच्या लग्नाचा इचारूचा आसा,” मुलीसाठी आलेल्या एकीने विचारलं.

“आता येवचा नाय. काय इचारूचा ता माकाच इचार.”

एकेक करून बायका उठल्या. रिकाम्या पडवीतून काकीने माझ्याकडे पाहिलं. “कित्याक उभी गो? चाय थंड झाली असतली. तूच पी.”

मी प्यायले. घाम माझ्याच हाताला सुटला होता.