आपांची नमुना फाईल

आपा पूर्ण अशा कधी बसल्याच नाहीत. खुर्ची दिली तर कडेला टेकायच्या. चहा दिला तर अर्धा कप हातात घेऊन दारापर्यंत जाऊन यायच्या. बोलता बोलता समोरच्याचा मोबाइल त्यांच्या हातात कधी गेला, ते त्यालाही कळायचं नाही. रिसोडला आमच्या भागात त्यांना सगळेच आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत, वयानं मोठी माणसंसुद्धा. वडिलांनी सुरू केलेलं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नव्या तारा भरून देण्याचं दुकान धाकटा भाऊ नईमभाई चालवायचा. दुकानामागच्या खोलीत, आजारी आईच्या खाटेशेजारी लॅपटॉप मांडून आपा पुण्याच्या एका कंपनीचं काम करायच्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. आईसाठी पुणं सोडलं, पण पुण्याची घाई सोबत घेऊन आल्या, असं लोक म्हणत. नईमभाई हसायचा. म्हणायचा, "पुन्याचा काय कसूर? हे पयलेपासून अशीच हाय."

माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझी मोटर जळाली तेव्हा. गावाला लागून आमचा मळा आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी. विहिरीवरची मोटर आपोआप चालू-बंद करणारी एक पेटी मी नुकतीच बसवली होती. पेटीतलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही फुकट घ्यावं आणि सुधारावं असं. त्याच्या माहितीच्या पानावर सेटिंगच्या फाईलीचा नमुना दिला होता. तो मी उचलून पेटीत टाकला, आणि पेटी लगेच चालली. मला फार आनंद झाला. मग एका उन्हाळी दुपारी विहिरीचं पाणी आटलं, मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळाली.

नईमभाई मोटर उघडत होता. आपा मागच्या खोलीतून बाहेर आल्या.

"फाईल कोनं भरली?"

"मीच. नमुना होता, तसाच टाकला."

"तसाच?" माझा मोबाइल तोपर्यंत त्यांच्या हातात गेला होता. त्या उभ्याउभ्याच ते पान वाचू लागल्या. "हे पाह्य गजा. 'मोटर कोरडी चालली तर थांबवायची का?' त्याच्यापुढं काय लिवलं? 'नाही'! नमुन्यातच नाही? काहून?"

"आपा, गिऱ्हाईकाले बसू तं दे," नईमभाई म्हणाला.

"याच पेटीवरच्या मोटरी येऊन राह्यल्या ना तुह्याकडं? आनखी दोन त्या कोपऱ्यात पडल्या हायत. मले वाटलं, उन्हाळा हाय म्हनून."

त्या दिवसापासून आपांना चैन पडेना. त्यांनी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना नमुना बदलून पाठवला, का बदलला तेही लिहिलं. तिकडून उत्तर देणारे गृहस्थ कुठल्याशा थंड देशातले. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. त्या वेळेला आपा हमखास आमच्या मळ्यात येत, कारण तिथं मोबाइलला रेंज चांगली. ओढणी डोक्यावर ओढून वाफ्यांच्या मधल्या बांधावरून त्या टोकापर्यंत जायच्या, वळायच्या, पुन्हा मोबाइल बघायच्या. माझी बायको सुनंदा म्हणायची, "आपा, मेथी जुडता जुडता वाट पाहा ना." आपा दोन जुड्या बांधायच्या आणि तिसरी अर्धी सोडून उठायच्या.

अखेर त्या गृहस्थांचं उत्तर आलं: धोक्याची सूचना पुढच्या प्रकरणात दिलेली आहे. उदाहरण हे फक्त उदाहरण आहे.

"फक्त?" आपा बांधावरच थबकल्या. "गजा, लोक उदाहरन वाचत नाईत, उतरवून घेतात. आन उतरवून घेतलं, चाललं, का मंग पुढचं प्रकरन कोन उघडते? तू उघडलं होतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या तशाच दुकानात गेल्या, माझ्या मोटरीतल्या काळ्याठिक्कर पडलेल्या तारांचा फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली एकच ओळ लिहिली, की ही तुमच्या उदाहरणाची मोटर आहे.

या वेळी उत्तर लवकर आलं. त्या गृहस्थांनी तो नमुना आपल्या टेबलावर बसून लिहिला होता. मोटरीच्या जागी बल्ब लावून तपासत होते. टेबलावर पाणी कुठून येणार? पेटी सारखी थांबू नये म्हणून तिथं 'नाही' लिहिलं, आणि पुढे बदलायचं राहून गेलं. त्यांनी मनापासून माफी मागितली. नमुना तुम्हीच नीट लिहून द्या म्हणाले.

"मोटरी जळनं बंद झालं तं मी काय करू, आपा? भजे तळू?" नईमभाईनं विचारलं.

"तळ. आमी खाऊ."

पण लिहायला बसल्यावर आपांचंही सोपं झालं नाही. प्रत्येक ओळीच्या वर 'हे कशासाठी' ते लिहायचं, असा त्यांचा हट्ट. तो हट्ट इतका वाढला की नमुना पानंच्या पानं झाला. नईमभाईनं तो वर सरकवत सरकवत पाहिला आणि म्हणाला, "हे उदाहरन हाय का लग्नाची पत्रिका? नवरदेवाचं नाव कुठं हाय?" आपा चिडल्या, दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि नंतर अर्ध्याहून जास्त मजकूर काढून टाकला.

उरलेलं घेऊन त्या सुनंदाकडे आल्या. "तू वाच आन भर. मी बोलनार नाई." त्यांच्यासाठी ही शिक्षाच होती. ओढणीचं टोक मुठीत आवळून त्या दारात उभ्या राहिल्या. सुनंदा एकेक ओळ भरत गेली आणि एका जागी थांबली.

"आपा, इथं खोली लिवा म्हंते. इहिरीची का पान्याची?"

आपांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "माह्या डोक्यात पानी होतं. लिवन्यात नाई आलं."

नवा नमुना त्या पानावर लागला. त्याखाली आपांचं नाव नव्हतं. तशी तिथं पद्धतच नव्हती. आता त्या निवांत होतील असं आम्हाला वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात, पोहरादेवीची यात्रा होऊन गेल्यावर, सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेला एक निरोप आला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे एक राठोडभाऊ लिहीत होते, की पेटीवर भरवसा ठेवून यात्रेला गेलो, मोटर चाललीच नाही, मिरचीचं रोप करपलं.

आपांनी मला फोन केला. "उद्या मानोऱ्याले जाऊ." मी म्हटलं, फोनवर विचारा की. त्या म्हणाल्या, "मले पाह्यचं हाय."

एसटीनं वाशीम, तिथून मानोरा, पुढे जीप. सबंध वाटेत त्या खिडकीतून बाहेर बघत स्वतःचाच नमुना पुटपुटत होत्या. तांड्यावर पोचल्यावर पाणी न पिताच त्या मोटरीकडे गेल्या आणि मोटरीवरची आकड्यांची पट्टी ओढणीनं पुसून वाचली. चूक तिथंच सापडली. पाणी नसलं की मोटर वीज कमी ओढते, आणि त्यावरून पेटी ओळखते की मोटर कोरडी चालली आहे. किती कमी म्हणजे कोरडी, तो आकडा आपांनी माझ्या मोटरीवरून लिहिला होता. राठोडभाऊंची मोटर लहान. ती पाणी असतानाही तेवढीच वीज ओढायची. पेटीला वाटायचं विहीर आटली, आणि ती दर वेळी मोटर बंद करायची.

करपलेल्या रोपांच्या वाफ्याशी आपा उभ्या राहिल्या.

"ते मी लिवलं होतं, भाऊ."

"तुमी?" राठोडभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "मले वाटलं, कोन्या कंपनीनं लिवलं असन. तुमच्यावर मी कायले रागावू, बाई?"

"रागवा ना. मले बरं वाटन."

राठोडभाऊ रागावले नाहीत. त्यांनी घरात हाक मारून भाकरी टाकायला सांगितली. आपांनी तिथंच लॅपटॉप उघडला. माझ्या मोटरीचा आकडा नमुन्यातून काढला आणि ती जागा मोकळी ठेवली. वर लिहिलं, की आधी आपल्या मोटरीवरची पट्टी वाचा. जागा मोकळी राहिली तर पेटीनं चालूच होऊ नये आणि का चालत नाही ते सांगावं, असा बदलही पुढे थंड देशातल्या त्या गृहस्थांकडून करून घेतला. परतीच्या जीपमध्ये मला म्हणाल्या, "पयले चुकलं ते दुसऱ्याचं होतं, म्हनून जोर होता मले."

आई गेली आणि वर्षभरानं आपांनी अकोल्याच्या एका विधुर मास्तरांशी निकाह केला. चाळिशी ओलांडलेल्या आपा संसार करतील, हे आमच्या भागात कोणाला खरं वाटेना. सासरी निघताना गाडीत बसल्या, पुन्हा उतरल्या, नईमभाईच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि परत बसल्या. तो दुकानाचं शटर ओढून आतच राहिला दिवसभर.

यंदा मी नवी मोटर घेतली. फाईल भरायला ते पान उघडलं तर नमुना बदललेला. कोणीतरी नव्या माणसानं आपांच्या ओळी काढून आपल्या घातल्या होत्या. मला वाईट वाटलं, थोडा संतापही आला. आपांना फोन लावला.

"आपा, तुमचं लिवलेलं काढून टाकलं त्यायनं."

"वाचलं का तू नवीन?"

"वाचलं."

"कसं हाय?"

खोटं बोलवेना. "सोपं हाय. तुमच्यापेक्षा."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "भरून पाह्यलं का?"

"नाई अजून."

"मंग भर ना! मले वाचून दाखव एकएक ओळ. मी बोलनार नाई."

मी विहिरीवर गेलो. फोन स्पीकरवर टाकून त्यातच एकेक ओळ वाचली आणि भरली. त्या खरंच बोलल्या नाहीत. फक्त चालत असल्याचं कळत होतं, कारण श्वास मधूनच जवळ यायचा. मी बटण दाबलं. मोटर घुमली, पाइप हिसका देऊन ताठ झाला आणि हौदात धार पडली.

"पडलं का पानी?"

"पडून राह्यलं, आपा."

"ऐकव."

मी फोन धारेजवळ धरून उभा राहिलो.