उटकटारीची हळद

मला आनंद झाला की मी आधी ओरडते, मग विचार करते. त्या सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच झालं. काचेच्या बशीत जंतू दाट वाढले होते, आणि मधे पाडलेल्या ज्या खड्ड्यात मी माझा अर्क ओतला होता, त्याभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ कडं. तिथले जंतू मेले होते! मी ओरडले, शेजारची मैत्रीण दचकली.

अर्क उटकटारीच्या मुळीचा. भूमकडच्या आमच्या माळावर तिची निळसर काटेरी बोंडं पैशाला पासरी. शेळीला जखम झाली की आई तिची मुळी उगाळून लावते. प्रकल्प ठरवताना सरांनी बजावलं होतं, "यात काही निघालं नाही तर सगळ्यांसारखी तुळस घे." मी फणकाऱ्यानं म्हणाले होते, "निघेल!" माझ्या आईच्या औषधाचा प्रश्न होता.

सरांनी बाटली उजेडात धरली. "हा पिवळाधमक कसा गं?"

मुळीची पूड आईनंच डब्यात भरून एसटीनं पाठवली होती. मी फोन लावला.

"आगं, मुळी काढायची तर आदल्या सांजंला झाडाला आवतण द्यावं लागतं, हळद-कुंकू वाहावं लागतं. ही तर कालेजात निघालेली! म्या मूठभर हळद चोळली, मंग वाळवून कुटली."

मी कपाळावर हात मारला. हळदीनं जंतू मरतात हे शेंबडं पोरही सांगेल. सर हसता हसता स्टुलावर बसले. मलाही हसू आवरेना. पण कडं हळदीचं असेल, तर उटकटारीचं काय?

रविवारी गावी गेले. आईला हळदीच्या डब्याला हात लावू दिला नाही. ती झाडापाशी बसून पुटपुटली, "बाई, राग धरू नगंस, पोरीचं कालेजचं काम हाय." मुळी मीच खणली, धुतली, वाळवली. बोटांत काटे घेऊन परतले.

अर्क स्पिरिटमध्ये काढलेला, म्हणून या वेळी शेजारी नुसत्या स्पिरिटचाही खड्डा ठेवला. सकाळी पाहिलं, तर स्पिरिटभोवती काही नाही. उटकटारीभोवती कडं होतं, बारीकसं, पण होतं. मी टेबलाभोवती नाचले. सरांनी काचेची भांडी निमूट बाजूला सरकवली.

"आई, कडं आलंय! आधीच्यापेक्षा लहान आहे, पण तिचं एकटीचं आहे!"

"लहानच यील की," आई फोनवर म्हणाली. "ना आवतण, ना हळद-कुंकू, तशीच उपटून नेलीस. तरी कामाला आली बिचारी. सोयरे असते तर रुसून बसले असते."